राजघाटचे जुने घर

तापीच्या उत्तर तीरावरील बऱ्हाणपूर शहरात राजघाट हे असे स्थळ आहे की, तेथील पायऱ्यांवर घटकाभर बसलेल्या मनुष्यास जवळच कोठे तरी घर घ्यावे असा मोह व्हावा. समोर नदीचे रुंद पात्र, पैलतीरी जैनाबाद, आणि जवळच शाही किल्ल्याच्या जीर्ण भिंती. सन १६३१ मध्ये मुमताजमहल याच शहरी निवर्तली व आग्र्यास नेईपर्यंत काही महिने तिचा देह जैनाबादेत पुरलेला होता, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. परंतु मला आज लिहावयाचे आहे ते तुमच्याआमच्या घरांविषयी.

यंत्रमागावर काम करणारे माझ्या परिचयाचे एक कुटुंब घाटाजवळचे जुने घर विकत घेऊ पाहत होते. “फादर, इसार देण्यापूर्वी एकदा तुम्ही नजर घाला,” असा घरच्या कर्त्याचा आग्रह पडला. घर प्रथमदर्शनी सुरेख होते. पातळ भाजक्या विटा, चुन्याची बांधणी, सागवानी तुळया. आणि किंमत ऐकून तर तो बिचारा हरखूनच गेला होता. मात्र ओसरीच्या भिंतीचा खालचा दोन हात भाग नव्या सिमेंटने गुळगुळीत केलेला होता. जुन्या भिंतीवर नवे सिमेंट दिसले की तेथेच थांबून विचारावे. चुन्याची भिंत जमिनीतील ओल शोषते आणि वाऱ्यावर सोडूनही देते. सिमेंटने तिचे तोंड बांधले म्हणजे ओल आतच वर चढते, विटांना लोणा लागतो, आणि तुळईचे जे टोक भिंतीत बसविलेले असते ते कुजू लागते. बाहेरून तुळई धडधाकट दिसते, ठोकून पाहिली तर पोकळ वाजते. अशी भिंत दुरुस्त करावयाची तर चुन्याचे काम जाणणारा गवंडी हवा, आणि आज तो शोधावा लागतो.

पूर किती चढतो हे विकणाऱ्याला विचारण्यात अर्थ नाही. शेजारच्या म्हातारीला विचारावे. ती हाताने भिंतीवर खूण दाखविते.

नदी पायाशी आहे म्हणजे पाण्याची सोय आहे, असेही समजू नये. खुद्द मोगलांनी तापी उशाशी असता सन १६१५ च्या सुमारास सातपुड्याकडून भूमिगत बोगद्यांनी शहरात पाणी आणविले; तो कुंडी भंडारा आजही पाहावयास मिळतो. तेव्हा नळ कोणाच्या नावावर आहे, पाणी किती वेळ येते, महानगरपालिकेचा कर किती वर्षांचा थकला आहे, हे आधीच विचारून घ्यावे.

किल्ल्याचा शेजार जितका देखणा तितकाच अडचणीचा. किल्ल्यातील राजवाडा केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. सन २०१० च्या दुरुस्त कायद्यानुसार अशा स्मारकाच्या सीमेपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगीवाचून करता येत नाही. शंभर मीटरांच्या आतील जुन्या घराची नुसती दुरुस्ती करावयाची तरी आधी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. “मुलाचे लग्न झाले की वर एक मजला चढवू,” हा जो बेत आमच्या या गृहस्थाने मनात धरला होता, त्याचे उत्तर घराच्या किमतीत नव्हते, मोजणीच्या फितीत होते. जमीन नझूलची असली तर पट्ट्याची मुदत व नूतनीकरण हा आणखी एक खर्च. मुद्रांक शुल्काचेही तसेच: खरेदीखतात किंमत कमी लिहून ते वाचत नाही, कलेक्टरांच्या मार्गदर्शक दराप्रमाणे आकारले जाते.

तथापि सर्वांत महाग पडतात ते वारस. घर वडिलांच्या नावावर, वडील निवर्तलेले, आणि व्यवहार करतो आहे एकटा थोरला मुलगा! हिंदू कुटुंबात सन २००५ पासून वडिलार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. आपल्या ख्रिस्ती घरांत मृत्युपत्र नसल्यास १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने विधवेस एकतृतीयांश आणि उरलेले सर्व मुलामुलींस समसमान मिळते. बहिणीला लग्नात दागिने घातले म्हणजे तिचा वाटा फिटला, ही आपल्याकडील समजूत कायदा मानीत नाही. आणि खरे सांगायचे तर न्यायही मानीत नाही. सही न केलेली बहीण पुढे न्यायालयात गेली, तर घर घेणाऱ्याची आयुष्यभराची पुंजी वर्षानुवर्षे अडकून पडते.

या घराच्या बाबतीत सुरतेस दिलेली एक बहीण होती. तिचे नाव विकणाऱ्याने काढलेच नव्हते. शेजारणीच्या बोलण्यातून ते कळले. म्हणून इसार अद्याप दिलेला नाही. दोघेही भाऊ सुरतेस जाऊन तिची संमती लेखी आणणार आहेत, तिचा हिस्सा किमतीतून परस्पर तिच्याच हाती पडावयाचा आहे, आणि मधल्या पावसाळ्यात तापीचे पाणी त्या सिमेंटच्या वर चढते की खाली राहते, हे आमचा गृहस्थ स्वतः जाऊन पाहणार आहे.