आबांची अ‍ॅम्बेसेडर आणि एक गास्केट

आबा गेल्यावर त्यांची अ‍ॅम्बेसेडर विकायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. उभी असताना गाडी थरथरायची, बॉनेटमधून सूं सूं आवाज यायचा. इंजिन संपलं, असं बाबांचं मत. मी इंग्रजीत बीए झालेली, लेख लिहून कमावणारी. पण आजीचा चेहरा पाहून आठ दिवस मागून घेतले.

इथल्या, रायपूरच्या मिस्त्रीकाकांनी गार इंजिन सुरू करून मॅनिफोल्डच्या सांध्यावर पाण्याचे थेंब सोडले. ते आत ओढले गेले. म्हणजे हवा तिथूनच शिरत होती. मग त्यांनी विचारलं, "नोनी, इंजिन कोणतं?"

हाच खरा प्रश्न. अ‍ॅम्बेसेडर १९५८ ते २०१४ बनत होती, पण इंजिनं बदलत गेली. आमचं जुनं, १४८९ सीसीचं. त्यात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, दोघांना मिळून एकच गास्केट. पुढे आलेल्या इसुझू इंजिनाचं याला बसत नाही. कागदी तुकडा कापून लावणंही चालत नाही, कारण शेजारीच एक्झॉस्टची धग असते.

जुनं गास्केट ओलं करून, मास्क लावून काढावं. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. नवं घेताना जुन्याशी एकेक भोक जुळवावं. सरळ पट्टी लावून मॅनिफोल्ड वाकला नाही ना, पाहावं. नट मधून बाहेरच्या बाजूला, थोडेथोडे आवळावेत.

गाडी आता शांत चालते. विकायची की ठेवायची, हे अजून ठरलेलं नाही. पण "बिघडली होती, म्हणून विकली" असं आता आजीला कुणी सांगू शकणार नाही.