तारखेचा रकाना

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी माझा पुतण्या दोन छापील पाने घेऊन घरी आला आणि ती माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "काका, हे एकदा बँकेच्या नजरेने पाहाल का?" निवृत्त माणसाला अशी विनंती फार सुखावते. मी चष्मा शोधला, पेन्सिल घेतली आणि वाचू लागलो. मथळा होता 'प्रकाशनाची योजना'. प्रकाशन पुस्तकाचे असते एवढेच मला ठाऊक. हे प्रकाशन होते एका व्हिडिओ गेमचे, आणि तोही अंतराळातला.

पुतण्या संगणक अभियंता आहे. पुण्यातली बऱ्या पगाराची नोकरी सोडून तो तीन वर्षांपूर्वी सांगलीला परत आला, तेव्हा माझ्या धाकट्या भावाला वाटले, मुलगा आता हळदीच्या अडतीत लक्ष घालणार. मुलगा माडीवरच्या खोलीत गेला आणि तिथेच राहिला. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून, स्वतःच्या पुंजीवर खेळ रचणाऱ्या अशा लोकांचा जगभर एक वर्गच आहे. चित्रे आणि संगीत यांपुरती तो मोबदला देऊन माणसे घेतो. बाकी सारे काम एकट्याचे.

कागद तपासण्याआधी माल पाहावा, ही आमची जुनी शिस्त. म्हणून मी आधी खेळ पाहिला. त्यात शनीच्या चंद्रांवर माणसांच्या वस्त्या झाल्या आहेत आणि आपल्याकडे एक जुने मालवाहू यान आहे. एन्सेलाडसवर बर्फ मुबलक, तिथून पाणी घ्यायचे. टायटनवर मिथेनची सरोवरे, तिथून इंधन घ्यायचे. चंद्र फिरत असल्यामुळे आजचे अंतर उद्या नसते आणि वाहतुकीचा खर्च रोज बदलतो. थोडक्यात, ही अंतराळातली अडतच होती. मला हसू आले, पण पुतण्या गंभीरपणे म्हणाला की ही परंपरा जुनी आहे. १९८४ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी 'एलीट' नावाचा खेळ केला, त्यात खेळणाऱ्याला सुरुवातीला अवघे १०० क्रेडिट्सचे भांडवल मिळे. शेतीप्रधान ग्रहावर धान्य स्वस्त घ्यायचे, उद्योगप्रधान ग्रहावर विकायचे आणि वाटेतल्या लुटारूंपासून जीव वाचवायचा.

मी खेळायला बसलो आणि पाऊण तासात बुडालो. सारी रक्कम पाण्यात घातली (शब्दशः), परतीच्या इंधनाला पैसा ठेवलाच नाही. खेळत्या भांडवलावर इतरांना बत्तीस वर्षे उपदेश केलेला माणूस टायटनच्या कक्षेत निराधार तरंगत होता. पुतण्याने सौजन्याने तोंड फिरवले.

मग कागद घेतला. जूनमध्ये 'स्टीम' या विक्रीस्थळावर खेळाचे पान उघडायचे, ऑक्टोबरमध्ये नमुना खेळायला द्यायचा, नोव्हेंबरमध्ये अपुरा खेळच 'अर्ली अॅक्सेस' म्हणून विकायला काढायचा आणि संक्रांतीला पूर्ण खेळ बाजारात आणायचा. किंमत ६०० रुपये. खर्च २,४०,००० रुपये. त्यावरून त्याने काढले होते की ४०० प्रती खपल्या की खर्च निघाला.

आपल्या व्यापारी वाचकांना ही चूक चटकन दिसेल, कारण आपल्या दुकानांतही ती पिढ्यानपिढ्या होते. त्याने स्वतःच्या श्रमाचे आणि जेवणाखाण्याचे मोल धरलेच नव्हते. मी महिना २०,००० रुपये धरले. झालेले ३६ महिने आणि संक्रांतीपर्यंतचे ८, असे ४४ महिन्यांचे ८,८०,००० झाले. तो पुटपुटला, "पण मी घरीच राहतो ना काका." मी म्हटले, "घर कोण चालवतं?" एकूण खर्च ११,२०,००० रुपये.

दुसरी चूक जमेच्या बाजूला होती. स्टीम ही अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीची २००३ पासूनची पेढी. कोणीही एका खेळामागे १०० डॉलर भरून तिथे माल ठेवू शकतो. १,००० डॉलरची विक्री झाली की ती रक्कम परत मिळते. विक्रीवर पेढीची अडत ३० टक्के. (भाऊ हे ऐकून उठून उभाच राहिला होता. "एवढी अडत घेतली तर शेतकरी मला बाजारात उभं करील का?") ६०० रुपयांतून आधी १८ टक्के कर वेगळा काढला तर ५०८ उरतात, त्यातले ३० टक्के गेले की ३५६. किरकोळ खर्च वजा जाता मी हिशेबाला ३५० धरले. देशोदेशी किंमत निराळी ठेवता येते, पण अंदाजाला भारतीय किंमत पुरे. भागाकार करून मी कागद त्याच्याकडे सरकवला: ३,२०० प्रती. चारशेचे बत्तीसशे झाले होते. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला.

संध्याकाळी भाऊ आला. त्याच्या मनात वेगळेच होते. पोराची शिल्लक सहा महिने पुरेल एवढीच आहे, हे त्याला वहिनींकडून कळले होते. तो म्हणाला, "दादा, दुकानाच्या कॅश क्रेडिटमधून काढून देतो. तुम्ही फक्त त्याला तारीख पक्की करायला सांगा. संक्रांत तर संक्रांत. त्या दिवशी काय ते एकदाचं ठरू दे." पुतण्या मान खाली घालून बसला होता. मला कळत होते की भावाच्या त्या बोलण्यात दोन इच्छा होत्या: पोराचे चांगले व्हावे ही एक, आणि ते न झाले तर त्याने संक्रांतीनंतर गादीवर येऊन बसावे ही दुसरी. दोन्ही खऱ्या होत्या.

आणि तारीख पक्की करायला सांगणे हे तर माझ्या हाडीमासी भिनलेले काम. तरीही त्या रात्री मला झोप आली नाही.

नव्वदच्या दशकात मी एका शाखेत कर्ज अधिकारी होतो. औद्योगिक वसाहतीतल्या एका तरुणाने शेतीपंप बनवण्याचा कारखाना काढला होता. पंपाचा आराखडा चांगला होता, मुलगाही प्रामाणिक होता. हप्ता सुरू व्हायची वेळ जवळ आली तेव्हा त्याने आणखी चार महिने मागितले; पाण्याच्या बाजूचे सील नीट बसत नव्हते. दिवाळीच्या आत पहिला माल बाहेर पडलाच पाहिजे, हा आग्रह माझा. त्याने माल काढला. चाळीस पंप गेले आणि बहुतेक सगळे गळत परत आले. दुकानदारांनी पुन्हा त्याच्या नावाचा पंप ठेवला नाही. वर्षभरात कारखाना बंद झाला. तारण होते, वसुली पूर्ण झाली. त्या वर्षीचा माझा गोपनीय अहवाल उत्तम होता. ही गोष्ट मी आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती.

पहाटे पुतण्या चहाला आला तेव्हा ती त्याला सांगितली. त्याने थोडा वेळ काही म्हटले नाही. मग त्याच्याच धंद्यातली एक हकीकत मला ऐकवली. नंतर तिच्याविषयी मीही सवडीने वाचले.

इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड गावी हेलो गेम्स ही मोजक्या माणसांची छोटी कंपनी आहे. डिसेंबर २०१३ मध्ये तिचे प्रमुख शॉन मरे यांनी 'नो मॅन्स स्काय' या अंतराळातल्या खेळाची घोषणा केली. हा खेळ ग्रह आधी चितारून ठेवत नाही. गणिती सूत्रावरून जागच्या जागी घडवतो, आणि अशा ग्रहांची संख्या २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ वर १८ शून्ये याहूनही थोडी जास्त. घोषणेनंतर काही आठवड्यांतच, नाताळच्या आदल्या दिवशी पुराचे पाणी कचेरीत शिरले आणि सामानाची वाताहत झाली. माणसे पुन्हा कामाला लागली. दरम्यान मरे मुलाखती देत राहिले, आणि प्रत्येक 'असेल का?' या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'असेल' असेच येत गेले. जून २०१६ ची तारीख जाहीर झाली. ती ऑगस्टवर गेली, तेव्हा त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. एका खेळाला दीड महिना उशीर झाला म्हणून! ९ ऑगस्टला खेळ ६० डॉलरला बाजारात आला. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी पोचले आणि त्यांना एकमेकांची सावलीसुद्धा दिसली नाही. सांगितलेल्या इतर कित्येक गोष्टीही खेळात नव्हत्या. गिऱ्हाईक खवळले, तक्रार ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणापर्यंत गेली. प्राधिकरणाने कंपनीला दोषमुक्त ठरवले, पण पत अशा निकालाने परत येत नाही.

मला विशेष वाटले ते पुढचे. मरे यांनी बोलणेच बंद केले. तीन महिने जवळजवळ मौन. नोव्हेंबरमध्ये मोठी सुधारणा आली, तीही विनामूल्य. २०१८ च्या जुलैत एकत्र खेळण्याची सोय खऱ्या अर्थाने आली, म्हणजे मूळ मालाबरोबर जे द्यायचे होते ते दोन वर्षांनी पोचले. त्यानंतरही वर्षानुवर्षे भर पडत राहिली, आणि जुन्या गिऱ्हाइकाकडून त्याचा वेगळा पैसा घेतला नाही. खेळाची पत हळूहळू परत आली. बँकेच्या भाषेत हे थकीत खाते मुद्दलासह नियमित झाले. "पण त्यांच्याकडे पहिल्या विक्रीचे पैसे होते," पुतण्या म्हणाला. "माझा खेळ पहिल्या दिवशी गळका निघाला तर मला दोन वर्षं कोण देणार?"

गळका हा शब्द त्याने मुद्दाम वापरला की सहज, ते मी विचारले नाही. स्टीमवर विकत घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. म्हणजे पंप परत येण्याची सोय तिथेही आहे, आणि ट्रकभाडेसुद्धा लागत नाही.

आता प्रश्न उरला नोव्हेंबरच्या 'अर्ली अॅक्सेस'चा. ही पद्धत २०१३ पासूनची. अपुरा खेळ उघडपणे अपुरा म्हणून विकायचा आणि गिऱ्हाइकांच्या सूचना घेत पुरा करायचा. मला ती आगाऊ उचलीसारखी वाटली. पण विक्रेत्यांसाठीचे त्यांचे नियम पुतण्याने दाखवले, तेव्हा मी चकित झालो. त्यात स्पष्ट म्हटले आहे की फारशी विक्री झालीच नाही तरी काम पुरे करण्याची ऐपत नसेल, तर या वाटेला जाऊ नका. आणि भविष्याविषयी ठराविक आश्वासने देऊ नका. कुण्या जुन्या मॅनेजरने लिहावे असे ते शहाणपण होते. पुतण्याच्या योजनेत नोव्हेंबर आला होता तो केवळ शिल्लक नोव्हेंबरात संपत होती म्हणून.

आधी पैसे घेणे वाईटच, असेही मला म्हणवत नाही. 'एफटीएल' नावाचा असाच एक यानाचा खेळ शांघायमधली नोकरी सोडलेल्या दोघांनी केला. २०१२ मध्ये त्यांनी लोकांकडून १०,००० डॉलर मागितले, आले २,००,००० हून अधिक. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खेळ लोकांच्या हाती होता. मागितले तेव्हाच त्यांचा खेळ बराचसा तयार होता, हा त्यातला फरक.

भावाला मी दुकानाच्या मर्यादेला हात लावू दिला नाही. हळदीचे सौदे चालू असताना त्या पैशाची गरज दुकानालाच असते. माझ्या निवृत्तीच्या रकमेतून मी पुतण्याला दहा महिन्यांचे २,००,००० द्यायचे ठरवले. कागद त्यानेच केला: रक्कम, व्याज, दोन साक्षीदार. परतफेडीच्या तारखेचा रकाना मी कोरा सोडला. भाऊ म्हणाला, "दादा, हे तुम्ही बँकेत केलं असतं तर?" मी म्हटले, "निलंबित झालो असतो." तो हसला नाही. बाहेर जाताना मात्र मुलाला एवढेच म्हणाला, "संक्रांतीचं राहू दे."

जूनमध्ये पान उघडले. तारखेच्या जागी 'लवकरच' एवढेच लिहिले होते. नमुना मात्र ऑक्टोबरमध्ये दिला नाही. स्टीमचा 'नेक्स्ट फेस्ट' हा नमुन्यांचा मेळा वर्षातून तीनदा भरतो, पण एका खेळाला त्यात एकदाच बसता येते. पुतण्याने ती एक संधी या फेब्रुवारीसाठी राखली. मेळ्याच्या आठवड्यात तो माडीवरून जेवायलाही उतरला नाही. परक्या देशांतल्या अनोळखी माणसांनी चुका कळवल्या. एकाने तर टायटनवरच्या इंधनाच्या दरात दशांशचिन्हाची चूक दाखवून दिली, जी माझ्या नजरेतून सुटली होती. खेळ 'हवा' म्हणून नोंद करून ठेवणाऱ्यांचा आकडा रोज संध्याकाळी त्याच्या फोनवर दिसतो. ती नोंद म्हणजे विक्री नव्हे, हे मी भावाला चारदा समजावले. तरी बाजार बंद झाल्यावर तो जिन्याखाली उभा राहून, सौद्याचा भाव विचारावा तसा, वर हाक मारतो, "आज किती?"

काल आकडा १,१४० होता. बत्तीसशेला अवकाश आहे, आणि आता तो बत्तीसशेचा आकडाही वर सरकला आहे, कारण महिने वाढले. तारीख अजून जाहीर केलेली नाही. इंधनाचा दर मात्र दुरुस्त झाला आहे, म्हणून आज दुपारी मी पुन्हा एन्सेलाडसवरून निघणार आहे. या खेपेला निम्मीच रक्कम पाण्यात घालून.