मंडेलांसाठी प्रेमगीत

नेल्सन मंडेलांवरच्या चित्रपटासाठी यू-टू या डब्लिनच्या बँडने प्रेमगीत लिहावं, हे मला कित्येक वर्षं पटत नव्हतं. ‘मंडेला: लाँग वॉक टु फ्रीडम’ हा चित्रपट २०१३ चा. त्याच्या लंडनमधल्या खास खेळाला झेनानी आणि झिंझी या मंडेलांच्या दोन मुली हजर होत्या, आणि त्याच रात्री, ५ डिसेंबरला, मंडेला गेले. चित्रपटासाठी रचलेलं ‘ऑर्डिनरी लव्ह’ त्या आठवड्यात श्रद्धांजलीचं गाणं होऊन बसलं. पुढे त्याला गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्करचं नामांकनही.

मला मात्र त्यात लढा सापडेना. माझा कान पोवाड्यांवर वाढलेला. थोर माणसाचं गाणं म्हणजे प्रसंगामागून प्रसंग, आणि वर डफाची थाप. शिवाय यू-टूचा गायक बोनो यानेच १९८५ साली ‘सन सिटी’ या वर्णभेदविरोधी अल्बमसाठी ‘सिल्व्हर अँड गोल्ड’ लिहिलं होतं. त्यातला संताप मला ठाऊक होता. रिव्होनियाचा खटला, रॉबेन बेटावरची चुनखडीची खाण, २७ वर्षांचा तुरुंगवास, एवढं सगळं समोर असताना नवरा-बायकोच्या नात्याकडे वळायचं कशाला, असं मी तावातावाने म्हणत असे.

मंडेलांच्या तुरुंगातल्या २५५ पत्रांचा संग्रह २०१८ मध्ये निघाला. तो वाचला आणि माझं मत बदलायला लागलं. रॉबेन बेटावर सुरुवातीला सहा महिन्यांतून एकच पत्र, तेही पाचशे शब्दांचं. आलेल्या पत्रातल्या नको त्या ओळी अधिकारी शाईने खोडत. कैदी ती शाई धुऊन वाचायला शिकले, तेव्हा त्या ओळी पात्याने कापल्या जाऊ लागल्या. भेट अर्ध्या तासाची, मध्ये काच, आणि बोलायचं फक्त घरचं. १९६८ मध्ये आई गेली, १९६९ मध्ये थोरला मुलगा थेंबी मोटार अपघातात गेला. दोन्ही अंत्यविधींना जायची परवानगी मिळाली नाही. थेंबी गेला तेव्हा मंडेलांच्या पत्नी विनी स्वतः प्रिटोरियात कैदेत होत्या. लिहिलेलं पोचेल याचा भरवसा नसल्याने मंडेला पत्रांच्या नकला वहीत उतरवून ठेवत. बायकोचा हात हातात घ्यायला मिळाला तो थेट १९८४ मध्ये, पोल्समूर तुरुंगात.

हा संसार लढ्याच्या आडोशाला नव्हताच. राजवटीने घाव घातला तो त्याच्यावरच: पत्रं अडवून, भेटी नाकारून, १९७७ मध्ये विनींना दूर ब्रँडफोर्टला हद्दपार करून. मग त्या संसारावरचं गाणं लढ्याला बगल देणारं कसं ठरेल? खटला आणि भाषणं तर चित्रपट दाखवतोच. तेच श्रेयनामावलीवर पुन्हा गाऊन काय साधलं असतं?

आणि हे गाणं खोटा दिलासाही देत नाही, याची मला आज फार कदर वाटते. सुटकेनंतर दोनच वर्षांत, १९९२ मध्ये, दोघं विभक्त झाले. १९९६ मध्ये घटस्फोट. १९९१ मध्ये विनी अपहरणाच्या खटल्यात दोषी ठरल्या होत्या. तुरुंग पार केलेलं हे नातं घरात टिकलं नाही. गाण्यात ती धास्ती पहिल्यापासून आहे. विजयाची द्वाही कुठेच नाही, म्हणून ते मला खरं वाटतं.

‘सिल्व्हर अँड गोल्ड’ गाणं म्हणून मला अजूनही सरस वाटतं, पण या चित्रपटाच्या शेवटी ते मला नको. एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. विनींनी ४९१ दिवस कैदेत काढले. त्या दिवसांची त्यांची टिपणं २०१३ मध्येच पुस्तकरूपाने आली. ‘ऑर्डिनरी लव्ह’मध्ये आवाज आहे तो पुरुषाचा. त्या टिपणांवरचं गाणं दक्षिण आफ्रिकेतल्या एखाद्या गायिकेने म्हटलेलं मला ऐकायचं आहे.