सारखी चाके

रस्ता सरळ असला म्हणजे गाडी आपोआप सरळ जाते, असा आपणां सर्वांचा एक भाबडा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. गाडी सरळ जाते ती तिची पुढची दोन चाके एकमेकांशी सरळ असतील तर. ही गोष्ट आम्हांस गेल्या पावसाळ्यात नीट समजली. ती आमच्या विद्यार्थिमित्रांस आणि त्यांच्या घरच्या मंडळींस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्याकडे एक जुनी मारुती ८०० आहे. या गाडीचे उत्पादन २०१४ सालीच थांबले. आमची मात्र अजून चालते आहे. महिन्यातून एकदा आईस घेऊन आम्ही चोर्ला घाटाने बेळगावास थोरल्या बहिणीकडे जातो. पावसाळ्यात या घाटात धुके दाटते, वळणावळणांवर पाणी वाहते, आणि टायर रस्त्यास कितपत धरून आहे यावरच सारी मदार असते. अशाच एका शनिवारी पंक्चर काढणाऱ्या मुलाने पुढचे चाक उतरविले आणि टायरची आतील कड आम्हांस दाखविली. बाहेरून टायर चांगला दिसत होता; आतील कडेस मात्र रबर झिजून तारा उघड्या पडल्या होत्या. दुसऱ्या बाजूचे चाक उतरविले, तर तेथेही तोच प्रकार.

दोन नवे टायर घेतले. शिक्षकाच्या खिशास तो खर्च जाणवल्याखेरीज राहत नाही. परंतु खरा प्रश्न पुढेच होता. ज्या कारणाने जुने टायर झिजले, ते कारण गाडीत तसेच होते. सोमवारी आईस घेऊन घाट चढावयाचा होता, आणि मधला दिवस रविवारचा असल्याने अलाइनमेंटची दुकाने बंद होती. आमच्या शेजारी एक वृद्ध मेस्त्री राहतात. त्यांचे सारे आयुष्य मोटारींत गेले. त्यांनी टायर पाहिले आणि आपल्या कोकणीत एवढेच म्हणाले, "मास्तर, चाकां सारकीं करुंक जाय."

चाकांचे हे 'सारखेपण' म्हणजे काय, ते आधी पाहू. गाडीकडे वरून पाहिले असता पुढच्या चाकांची नाके किंचित आत वळलेली असतील, तर त्यास 'टो-इन' म्हणतात. बाहेर फाकलेली असतील, तर 'टो-आउट'. चाके आत वळलेली असली की टायरची बाहेरची कड झिजते, बाहेर फाकलेली असली की आतली. खड्ड्यात चाक जोराने आदळले किंवा स्टिअरिंगचे सांधे झिजले, की हे माप बिघडते. चाकाचा आणखी दोन दिशांचा कलही महत्त्वाचा असतो. त्यांस कॅम्बर आणि कॅस्टर म्हणतात. परंतु लहान गाड्यांत घरच्या घरी दुरुस्त करता येतो तो बहुधा टोच.

रविवारी सकाळी आमच्या सपाट अंगणात गाडी उभी केली. दहावीतील दोन विद्यार्थी मदतीस आले. टायरांतील हवा सारखी करून घेतली, हातब्रेक ओढला, मागील चाकांस दगड लावले. मेस्त्रींनी पुढची चाके जॅकने उचलून त्यांखाली लोखंडी घोडी दिल्या आणि प्रत्येक चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवून पाहिले. "सांधा ढिला असेल, तर माप घेण्यात अर्थ नाही. आज घेतलेले माप उद्या राहणार नाही," असे त्यांनी मुलांस बजावले. सांधे घट्ट होते. मग गाडी खाली उतरविली, पुढेमागे थोडी ढकलून चाके स्थिर केली आणि स्टिअरिंग बरोबर मध्यावर आणून बांधून टाकले.

यानंतरचे काम वर्गात शिकविलेल्या भूमितीचे होते. दोन सारख्या लांबीच्या नळ्यांवर सारख्याच अंतरावर खुणा केल्या. एक नळी गाडीच्या पुढे आणि एक मागे, चाकांच्या मध्याएवढ्या उंचीवर आडवी ठेवली. खुणांवरून गाडीच्या दोन्ही अंगांनी तंगूस ताणून बांधली. खुणा सारख्या, म्हणून दोन्ही तंगुसा समांतर. आता पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून तंगुसांचे अंतर उजवीकडे व डावीकडे सारखे येईपर्यंत, आणि मागच्या चाकांसही तसेच सारखे येईपर्यंत, नळ्या सरकविल्या. गाडी दोन समांतर रेषांच्या मधोमध आली. पोलादी पट्टीने प्रत्येक पुढच्या चाकाच्या रिमची पुढची कड आणि मागची कड तंगुसेपासून किती दूर आहे, ते मोजले. उजव्या चाकाची दोन्ही मापे सारखी आली. डाव्या चाकाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा तंगुसेस ३ मिलिमीटर जवळ होती. म्हणजे चाक बाहेर फाकलेले होते.

येथे एका विद्यार्थ्याने मार्मिक प्रश्न विचारला, "सर, एकच चाक वाकडे, तर टायर दोन्हीकडचे का झिजले?" मेस्त्री हसले. चालत्या गाडीत चाके एकमेकांस दांडीने जोडलेली असतात. सरळ जाण्यासाठी आपण स्टिअरिंग नकळत किंचित कलते धरतो, आणि एकाचे वाकडेपण दोघांत अर्धे अर्धे वाटले जाते. गाडी सरळच जाते, परंतु दोन्ही चाके तिरकी घासत जातात. आमचे स्टिअरिंग सरळ रस्त्यावर थोडे कललेले असे, त्याचेही कारण हेच.

मुलांनी लगेच हिशेब मांडला. रिमची रुंदी सुमारे ३०० मिलिमीटर, फरक ३; म्हणजे शंभरात एक. दोघांत वाटला, तर प्रत्येकी हजारात पाच. म्हणजे १ किलोमीटर चालताना प्रत्येक टायर ५ मीटर आडवा फरफटतो. १०० किलोमीटरांत अर्धा किलोमीटर! तीन मिलिमीटर ही वहीच्या रेघेएवढी गोष्ट. पण रोज चालली, तर पोलादाच्या तारा उघड्या पाडते.

दुरुस्ती मोजण्याहून सोपी निघाली. स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीस टाय रॉड म्हणतात. तिच्या टोकाचा चेकनट सैल करून दांडी फिरविली, की ती लांब वा आखूड होते. आमच्या गाडीत ही दांडी आसाच्या मागे आहे. म्हणून ती लांबविली, की चाकाचे नाक आत येते. दांडी आसाच्या पुढे असेल, तर परिणाम उलट. मेस्त्रींनी आधी खडूने खूण केली, म्हणजे चुकल्यास पूर्वस्थितीस येता यावे. पाव फेरा फिरवावा, गाडी पुढेमागे ढकलावी, तंगुसा पुन्हा जुळवाव्यात, पुन्हा मोजावे, असे तीन वेळा केले. माप गाडीच्या पुस्तकातील मर्यादेत येताच चेकनट घट्ट केला आणि रबरी आवरणास पीळ पडलेला नाही ना, हेही पाहिले. पुढील आठवड्यात दुकानातील यंत्रावर गाडी तपासून घेतली. तेथे काही फिरवावे लागले नाही. घरी केलेले काम असे पडताळून घेणे केव्हाही इष्ट.

मराठीत 'सारखे' म्हणजे समान. अंथरूण 'सारखे' करणे म्हणजे ते नीट करणे, हाही अर्थ मराठीस ठाऊक आहे. आमच्या कोकणीत तर 'सारकें' म्हणजे योग्य. मेस्त्रींच्या एका शब्दात हे दोन्ही अर्थ होते. एकटे चाक सरळ आहे किंवा वाकडे आहे, असे म्हणताच येत नाही. ते आपल्या जोडीदाराशी सारखे आहे की नाही, एवढेच मोजता येते. आणि ते सारखे नसेल, तर झीज दोघांचीही होते.

मुलांनो, घरी गाडी असेल, तर पावसाळ्यापूर्वी वडीलधाऱ्यांस सांगून टायरची आतील कड अवश्य पाहा. आमच्या आईने त्या सोमवारी घाटात एक छानशी डुलकी घेतली.