टायमिंगच्या नावाने बदनाम झालेल्या पंपास

प्रिय फ्युएल पंपा,

पत्र तुला लिहितोय, पण ते तुझ्या मालकांनी आणि मिस्त्र्यांनीही वाचावं, म्हणून पाकिटात घातलं नाही.

मृगाच्या सरी पडल्या की वसईतल्या गिरीजच्या भातशेतांत चिखलणीची घाई सुरू होते. उन्हाळाभर ट्रॉली ओढलेला, नाहीतर नुसताच वाडीच्या कोपऱ्यात उभा असलेला जुना ट्रॅक्टर लोखंडी चाकं चढवून चिखलात उतरतो आणि नेमका तेव्हाच दम टाकतो. धूर सोडतो, लोड घेत नाही, ठोके मारतो. बांधावरचा कुणीतरी जाणकार कान देऊन ऐकतो आणि सांगतो, ‘‘दादा, टायमिंग गेलंय.’’ झालं! पाने बाहेर येतात, तुला इंजिनावरून उतरवतात, गोणपाटात गुंडाळतात आणि पंपवाल्याकडे पाठवून देतात. लावणी खोळंबते ती वेगळीच.

मला विचारायचंय ते असं, की टायमिंग, म्हणजे सिलिंडरात डिझेल पडण्याची वेळ, असं बसल्या जागी जातं कसं? तुझा गिअर इंजिनाच्या गिअरमध्ये गुंतलेला. रात्री उभ्या ट्रॅक्टरचा दाता काही उडी मारून पुढे जात नाही. टायमिंग बिघडतं ते बहुतेक वेळा कुणाचा तरी हात लागल्यावर. पंप काढून परत बसवताना खुणा जुळवल्या नाहीत, टायमिंग गिअरचं कव्हर उघडलं होतं, फ्लँजचे नट नीट आवळले नाहीत. चावी झिजते, गिअरचे दाते झिजतात, टॅपेटचा रोलर झिजतो, हेही खरं. पण ती झीज सावकाश होते आणि महिनोन्‌महिने आधी कळवत असते. कालपर्यंत धडधाकट असलेला ट्रॅक्टर आज सकाळी पडला, आणि मधे कुणी पान्याला हात लावलेला नाही, तर संशय सगळ्यात शेवटी तुझ्यावर यायला हवा. म्हणून धुराचा रंग बघण्याआधी मी विचारतो, ‘‘याला शेवटचा हात कुणी लावला?’’

धुराचंही ऐकावं, पण त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊ नये. डिझेल उशिरा पडलं की इंजिन मंद होतं, सुरू झाल्या झाल्या पांढरा धूर देतं, लोडखाली काळा, आणि सायलेन्सर नको इतका तापतो. डिझेल लवकर पडलं की कडक ठोका ऐकू येतो, सुरू करताना इंजिन उलटा झटका देतं आणि पिस्टनवर विनाकारण मार बसतो. अडचण अशी, की टपकणारा नोझलही अगदी असाच ठोका मारतो. कॉम्प्रेशन उतरलेलं इंजिन असाच पांढरा धूर देतं. फिल्टर चोंदला की लोड घेतलाच जात नाही. आणि आमच्या वसईच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी काही महिने उभी राहिली, की आतल्या पत्र्यावर पाणी जमतं ते निराळंच. ते पाणी खाली बसतं, फिल्टरातून निसटतं आणि तुझ्या प्लंजरवर, म्हणजे डिझेल दाबणाऱ्या दट्ट्यावर, गंज चढवतं. प्लंजर आणि त्याच्या बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. म्हणून तर एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलात चालत नाही. तिथे गंजाचा एक डाग म्हणजे कायमचं दुखणं. स्वस्तात पडतं म्हणून डिझेलात रॉकेल मिसळणाऱ्यांनीही तुझे कमी हाल केलेले नाहीत. डिझेल हेच तुझं वंगण, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तपासाचा सोपा भाग आधी. टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून पाणी काढून टाकायचं, फिल्टर बदलायचे, एअर काढायचा. मग इंजिन संथ चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट अर्धा फेरा सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट सोडला की इंजिन लगेच अडखळतं. ज्याचा सोडल्यावर आवाजात फरकच पडत नाही, दुखणं तिथं. हात मात्र त्या फवाऱ्यापासून लांब! नोझलचा दाब शेकडो बारचा असतो. डिझेल कातडी फोडून आत शिरतं आणि मग प्रकरण दवाखान्याचं होतं. एकच सिलिंडर दगा देत असेल, तर तो दोष टायमिंगचा सहसा नसतो, कारण फ्लँज सरकला तर सगळेच सिलिंडर एकदमच पुढे-मागे होतात. एवढी साधी गोष्ट लक्षात ठेवली तरी तुझ्या निम्म्या वाऱ्या वाचतील.

एवढं करूनही संशय उरला, तर तुझं टायमिंग कानाने नव्हे, थेंबाने बघायचं. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर आणायचा. त्याचे दोन्ही रॉकर ढिले आणि चार सिलिंडरच्या इंजिनात चौथ्याचे हलण्याच्या बेतात, ही त्याची ओळख. पंपाच्या पहिल्या तोंडाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून तिथे वाकडी नळी लावायची, स्टॉपची दोरी आत ढकलायची, ॲक्सिलरेटर पूर्ण ओढायचा. हाताने प्रायमर मारला की नळीतून डिझेलची धार लागते. आता इंजिन चालतं त्याच दिशेने हळूहळू फिरवत जायचं. धार बारीक होते, तिचे थेंब होतात, मग तेही थांबतात. प्लंजरने छिद्र बंद केलं आणि दाब धरायला सुरुवात केली, तो क्षण हा. तिथेच थांबून फ्लायव्हीलची झाकणी उघडून खूण बघायची. पुढे गेलात तर नुसतं उलटं फिरवून भागत नाही. गिअरच्या फटीमुळे खोटं माप मिळतं. बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे यायचं.

खूण जुळली नाही तर फ्लँजचे नट ढिले करून तुझं अंग थोडं फिरवायचं. तुझी दांडी फिरते तिच्या उलट फिरवलं की टायमिंग पुढे, त्याच दिशेने फिरवलं की मागे. तू क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतोस, म्हणून तुझ्याकडचा एक अंश क्रँकवर दोन होतो. गिअरला समजा 48 दाते असले आणि एक दाता चुकला, तर क्रँकवर 15 अंशांचा घोळ. तो फ्लँजच्या खाचेत सरकवून निघत नाही. कव्हर उघडावंच लागतं.

तुझा चुलत भाऊ, गोल डी.पी.ए. पंप, याचं वेगळं. त्याच्या कुशीला खिडकी असते. आतल्या प्लेटवरच्या अक्षराची रेघ आणि सर्क्लिपचं चौकोनी टोक जुळवायचं. कुठलं अक्षर, ते मॉडेलप्रमाणे बदलतं. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचं अक्षर पाहून आपला बसवणारे मिस्त्री मी पाहिलेत, म्हणून हे सांगतो.

तुझं कूळ मोठं आहे. स्टुटगार्टला बॉशने 1927 साली डिझेल पंपांचं नियमित उत्पादन सुरू केलं. इकडे बंगळूरला 1951 साली तुझ्यासारखे पंप बनवणारी मायको आली. 2008 साली तिचं नाव बॉश झालं, तरी मिस्त्र्यांच्या तोंडी अजून मायकोच. तू ज्यांवर बसतोस त्या ट्रॅक्टरांचंही कूळ जुनं. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी 1963 ची, महिंद्राने ती 1977 साली स्वतःत सामावून घेतली. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना कांदिवलीला, आमच्याच पश्चिम रेल्वेवर. आमचा मोगरा आणि भाजी ज्या गाडीने दादरला जायची, ती कांदिवली स्टेशनावरूनच पुढे जायची. पण गिरीजच्या हिराडोंगरीच्या आसपास आता शेतापेक्षा इमारतींची जमीन वाढली आहे आणि जुने ट्रॅक्टर बहुतेक मातीच्या ट्रॉल्या ओढतात. म्हणूनच त्यांच्या दुरुस्तीवर खर्च करायला कुणी सहज तयार होत नाही, आणि विनाकारण केलेला पंप ओव्हरहॉल तर मुळीच परवडत नाही.

तेव्हा गिरीजच्या तमाम ट्रॅक्टरवाल्यांना माझी विनंती एवढीच. पंप उतरवायचाच झाला, तर एकही नट सोडण्याआधी पंपाच्या फ्लँजवरून इंजिनाच्या अंगावर छिन्नीने सरळ रेघ मारून घ्या, आणि मिस्त्रीने मारली का ते स्वतः वाकून बघा.

तुझा,
गिरीजचा एक वाडीवाला