तिसरा ट्रे

मी पेणच्या खारेपाटातला. उधाणाने बांधाला खांड पडली की त्या वर्षीचं भात गेलं, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे खाऱ्या पाण्यात भाताचं रोप ऑक्सिडीकरणाच्या माऱ्याला कसं तोंड देतं, हा पीएचडीचा विषय मिळाला तेव्हा वाटलं, हे तर घरचंच काम. पहिली चूक त्याच गुर्मीतून झाली.

दोन वाण घेतले होते. केरळच्या खाऱ्या शेतांतलं पोक्काळी आणि मिठापुढे हमखास मान टाकणारं आयआर-२९. चौदा दिवसांची रोपं साध्या पोषकद्रावणातून उचलली आणि थेट १५० मिलिमोलर मिठाच्या पाण्यात ठेवली. म्हणजे लिटरला जवळपास पावणेनऊ ग्रॅम मीठ. संध्याकाळपर्यंत दोन्ही वाणांच्या पानांच्या सुरळ्या झाल्या. घरी अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "एकदम घातलंस? अरे, पाऊस मीठ धुऊन नेईपर्यंत आपण खारात लावणीला हात घालतो का?" मी ते हसण्यावारी नेलं. खरं तर त्या संध्याकाळी रोपांना बसला होता तो मुळांना पाणी ओढता न आल्याचा धक्का. मीठ पानात साठून विषारी व्हायला त्यानंतर काही दिवस जावे लागतात. रोज २५-२५ मिलिमोलरने चढत जायला हवं होतं.

मिठाने पर्णरंध्रं मिटतात. कार्बन डायऑक्साइड आत येणं कमी होतं, पण ऊन थोडंच थांबतं? हरितलवकात उन्हाने हलवलेले इलेक्ट्रॉन मग वाट सोडून ऑक्सिजनला जाऊन चिकटतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. एसओडी नावाचं एन्झाइम त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, आणि कॅटलेज व एपीएक्स त्याचं पाणी करतात. हे मला पाठ होतं. पाठ असण्याचा उपयोग मात्र झाला नाही.

एपीएक्सला एस्कॉर्बेट, म्हणजे आपलं क जीवनसत्त्व, सतत हाताशी लागतं. पान वाटताना बफरमध्ये ते नसेल तर हरितलवकातलं एपीएक्स मोजण्याआधीच निकामी होतं. मी ते घातलंच नव्हतं. कृतीच्या झेरॉक्सवर ती ओळ कापली गेली होती, असं मी पुढे बरेच दिवस सांगत होतो. मूळ प्रत कपाटात, हाताच्या अंतरावर होती. आकडे जवळजवळ शून्य आले आणि विभागाच्या सेमिनारमध्ये मी छाती काढून सांगितलं, की मीठ एपीएक्सचाच बळी घेतं. बिनमिठाच्या रोपांतही ते तितकंच कमी होतं. त्या रकान्याकडे मी पाहिलंच नव्हतं, आणि समोर बसलेल्यांपैकीही कोणी पाहिलं नाही.

तिसरी चूक सांगायला जड जाते. पोक्काळीचे तीन ट्रे होते. दोन ट्रेंमध्ये मिठाने एसओडी चांगलं वाढलेलं, तिसऱ्यात जेमतेम. वाण सोशिक, म्हणजे त्याचं एसओडी वाढणारच, असं मी धरून चाललो होतो. तिसऱ्या ट्रेच्या कडेला थोडं हिरवं शेवाळ दिसलं. तेवढं निमित्त पुरलं. वहीत त्या ओळीवर काट मारली, बाजूला लिहिलं 'बुरशी'.

सहा महिन्यांनी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सगळं पुन्हा करायला लावलं. या वेळी मीठ पायरीपायरीने चढवलं, बफरमध्ये एस्कॉर्बेट घातलं आणि सगळी पानं एकाच तासात खुडली. (पहिल्या खेपेला ते दोन ट्रे मी भर दुपारी खुडले होते, तिसरा आणि बिनमिठाची रोपं सकाळी. उन्हाचा परिणाम मी मिठाच्या खात्यावर टाकत होतो.) शिवाय फ्लेम फोटोमीटरवर पानांतलं सोडियम मोजलं, जे आधी सुचलंच नव्हतं. आयआर-२९ लावलं की ज्योत पिवळीधमक व्हायची. एसओडी त्याचंच जास्त वाढलं होतं, आणि तरी पानं शेंड्यापासून करपली होती. पोक्काळीच्या पानात सोडियम कमी, एसओडीची धावपळही कमी. भाताच्या मुळात, झायलेममधून वर निघालेलं सोडियम परत ओढून घेणारा एक वाहक असतो; सोशिक वाणांत तो चोख काम करतो. ज्या गल्लीत बंब जास्त वेळा येतो ती गल्ली सुरक्षित, असा माझा वर्षभराचा हिशेब होता. सगळ्याच सोशिक झाडांचं असंच असतं असं नाही. काहींची बंबांची तयारीही खरोखर दांडगी असते. पण माझ्या पोक्काळीत मुळात आगच कमी लागत होती, आणि ते तिसऱ्या ट्रेने आधीच सांगितलं होतं.

माझ्या जुन्या कृतीचा कागद दोन ज्युनियर वापरत होत्या. दुरुस्त केलेला कागद त्यांना पाठवला, सोबत माझ्या वहीच्या पानांचे फोटोही. एकीचं सहा आठवड्यांचं काम त्या जुन्या बफरवर झालेलं होतं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "दादा, तिसऱ्या ट्रेला बुरशी होती का?"

"नव्हती," मी लिहिलं. "शेवाळ होतं."