आजार पोटाचा, लाज कुणाची?

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. आजार उसळला की दिवसातून दहा-बारा वेळा संडासला जावं लागतं. औषधांनी तो कित्येक महिने शांत राहतो, पण कायमचा जात नाही. हे उघड लिहितोय, कारण असे आजार लपवून नोकरी करणारी पोरं आपल्यातही आहेत.

मी शहागडचा. गोदाकाठचं, सोलापूर-धुळे महामार्गावरचं गाव. एका खासगी फायनान्स कंपनीत वसुलीचं काम करायचो. सकाळी गाडी काढायची, कधी अंबडकडे, कधी नदी ओलांडून गेवराईकडे. कोणत्या पेट्रोल पंपावरचं संडास उघडं आणि कुठं कुलूप, हे मला कर्जदारांच्या यादीपेक्षा जास्त पाठ होतं. फिरतीच्या दिवशी काम संपेपर्यंत पोटात अन्न घालायचं नाही, हा नियमच झाला. शेवटी डॉक्टरांचा कागद दाखवून बैठं काम मागितलं. साहेब म्हणाले, "तुम्हा लोकांना काम नको असतं, कारणं हवी असतात."

'तुम्हा लोकांना' हे शब्द नीट वाचा. सवर्ण सहकाऱ्याचं पित्त हे फक्त त्याचं पित्त असतं. माझा आजार मात्र माझ्या जातीचा स्वभाव ठरतो. त्यात या देशानं मैल्याची किळससुद्धा जातीवर लादली. ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या घाण उचलणं मारलं, त्यांनाच घाणेरडं म्हटलं. त्या समाजातल्या पोरानं 'मला सारखं संडासला लागतं' हे ऑफिसात कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून तो गप्प बसतो, रजा बुडवतो आणि एक दिवस कामचुकार म्हणून बाहेर पडतो.

याचं उत्तर आपल्याच घरात आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी एक प्रसंग घेतला आहे. अतिसारानं आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा उरला नव्हता. बुद्धानं आनंदाकडून पाणी मागवलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं आणि उचलून मंचकावर ठेवलं. आजाऱ्याची सेवा ती माझीच सेवा, असं मग संघाला सांगितलं. माणसाची किंमत उपयोगावर मोजणाऱ्यांना अडीच हजार वर्षांपूर्वी दिलेलं हे उत्तर आहे.

पण करुणा कायद्यात उतरावी लागते. 1942 ते 1946 मध्ये मजूर मंत्री असताना बाबासाहेबांनी कामगाराच्या शरीराचा प्रश्न मालकाच्या मर्जीवर सोडला नाही, कायद्यात आणला. आठवड्याला 48 तासांची मर्यादा त्याच काळातली. 1948 च्या कारखाने कायद्यानं संडास बंधनकारक केलं. पण वसुलीवाला, डिलिव्हरीवाला, ऊसतोड बाई यांच्या कामाला भिंतच नाही, मग संडास कुठून येणार? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत 21 प्रकार आहेत, त्यात आतड्याचा हा आजार नाही. यादी वाढवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे.

मी ती नोकरी सोडली. आता गावातच दुकानांचे हिशेब लिहितो. पगार घटला, पण वेळेवर जेवतो. ही माझ्यापुरती वाट झाली. दुसऱ्याच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईला ही वाट नाही. म्हणून मागणी सगळ्यांसाठी हवी: स्टँडवर आणि महामार्गावर चालू, स्वच्छ, फुकट संडास; दीर्घ आजार असलेल्याला काम बदलून मिळण्याचा हक्क; आणि दिव्यांगांच्या यादीत या आजाराची नोंद. जयंतीच्या बैठकीत डीजेच्या खर्चावर तासभर बोलतो, तिथं दहा मिनिटं यावरही बोलू.

आणि ज्याच्या पोटातून रक्त पडतंय त्यानं मूळव्याध समजून बसू नये, अंगारे-धुपारे करू नयेत. डॉक्टर गाठा, तपासणी करा. लाज वाटायचीच असेल तर ती संडासाला कुलूप लावणाऱ्याला वाटू द्या.

जय भीम!